वसतिगृहात पाऊल ठेवताना

(वसतिगृहात नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाविद्यालयाच्या प्रवेशयादीत नाव लागले म्हणजे काम फत्ते झाले, असे घरी सर्वांना वाटते. वस्तुतः तेव्हा निम्मेच काम झालेले असते. उरलेले निम्मे काम वसतिगृहाच्या यादीत नाव लागण्याचे असते. आणि खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत हेच निम्मे पुष्कळदा अधिक निर्णायक ठरते. शहरात राहायला जागा नाही म्हणून शिक्षण सोडून परत गेलेल्यांची गणना कोणी करीत नाही. जागा मिळूनही पहिल्या दोनतीन महिन्यांत गाशा गुंडाळून गेलेल्यांची तर मुळीच नाही. हे जे परत जातात ते बुद्धीने कमी असतात असे नव्हे. कोणाचे पैसे दुसऱ्याच महिन्यात संपलेले असतात, कोणाला खोलीतल्या टिंगलीने जीव नकोसा झालेला असतो, कोणी आठ दिवस तापाने फणफणत कोणालाही न सांगता पडून राहिलेला असतो. यांतील बहुतेक गोष्टी वेळीच कोणी काही सांगितले असते, किंवा वेळीच कोणाला काही विचारले असते, तर टळण्यासारख्या असतात.

बरोबर काय न्यावे याची यादी कोणीही देऊ शकतो. गादी, बादली, मग, दोन किल्ल्यांचे कुलूप, कपडे वाळत घालायला दोरी, सुईदोरा, नेहमीची औषधे. या वस्तू लागतातच. परंतु वसतिगृहात राहणे ही सामानाची बाब कमी आणि अनोळखी माणसांबरोबर जागा, पाणी, अन्न व वेळ वाटून घेण्याची बाब अधिक आहे. घरी हे वाटप बहुधा आई करीत असते आणि ते इतक्या गुपचूप होते की मुलाच्या ध्यानातही येत नाही. वसतिगृहात ते ज्याचे त्याला करावे लागते. हे वाटप नीट शिकणे हेच वसतिगृहात शिरणाऱ्याचे पहिले शिक्षण होय. बाकीच्या सर्व व्यावहारिक सूचना त्यातूनच निघतात.

खोली मिळते म्हणजे काय होते

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले. खोलीतल्या त्या ओळखीचे रूपांतर आयुष्यभराच्या मैत्रीत झाले. पुढे लंडनच्या शिक्षणाच्या दिवसांत पैशाची अडचण आली तेव्हा भथेनांनी त्यांना मदत केली. हेच आंबेडकर १९१७ साली परदेशातील पदव्या घेऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून त्यांनी आसरा घेतला. काही दिवसांतच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. माणूस तोच, विद्वत्ता तीच. एका ठिकाणी खोलीने मित्र दिला, दुसऱ्या ठिकाणी खोलीने अस्पृश्यता दाखविली. खोली देणे आणि नाकारणे यांत समाजाचे खरे रूप दिसते ते असे.

महाराष्ट्रात वसतिगृहांची चळवळ उभी राहिली ती याच जाणिवेतून. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करविले. त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघाली आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. शाळा सर्वांना खुली असली तरी खेड्यातल्या मुलाला शहरात जेवायला आणि निजायला जागा नसेल तर ती खुली शाळा त्याच्या दृष्टीने बंदच असते, हे त्या राजाने ओळखले होते.

कर्मवीर भाऊराव पाटील त्या काळात कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये विद्यार्थी होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर स्नान करून ‘शुद्ध’ होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहांपासून सुरुवात केली होती. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे राहिले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. तेथे मुले स्वतः कामे करीत, स्वतः रांधीत आणि एका पंगतीला बसत. धान्याला पैसे उरले नाहीत तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडून मुलांना जेवू घातले.

हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन गौरवाचे नाही. आज वसतिगृहाचा अर्ज भरणाऱ्याला तो केवळ एक कार्यालयीन कागद वाटतो. त्या कागदामागे एवढी किंमत मोजलेली आहे हे ज्याला ठाऊक असेल, तो तेथील खाटेला फुकटात मिळालेली वस्तू समजणार नाही आणि शेजारच्या खाटेवरच्याला परका समजणार नाही.

पहिला आठवडा

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळावे. पहिली गोष्ट कागदपत्रांची. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक यांच्या तीनचार छायाप्रती काढून त्यांचा एक संच घरी ठेवावा, एक आपल्याजवळ. मूळ कागद कोणाच्या हाती देण्याची वेळ आलीच तर पोच घेतल्यावाचून देऊ नये. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे संस्थांनी अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट केलेले आहे. अनामत रकमेची पावती तर सोन्यासारखी जपावी. तीनचार वर्षांनी ती रक्कम परत मागताना पावतीच विचारली जाते आणि त्या वेळी ती कोणालाच सापडत नाही.

खोलीचा ताबा घेताना खाट, टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, दिव्याची बटणे, खिडकीच्या काचा या सर्वांची स्थिती पाहून घ्यावी. काही मोडलेले असल्यास रेक्टरांच्या किंवा गृहपालांच्या नोंदवहीत त्याच दिवशी लिहवून घ्यावे. मागल्याने मोडलेल्या खुर्चीचा दंड पुढल्याच्या अनामतीतून कापला जातो, हा वसतिगृहांचा जुना रिवाज आहे. वसतिगृहाची नियमावली मागून घ्यावी आणि ती वाचावी. पाहुण्यांचे नियम, रात्रीची वेळ, सुट्टीत खोली रिकामी करावी लागते की नाही, आजारपणात कोणाला कळवायचे, ही चार कलमे तरी प्रत्येकाला पाठ असावीत. परगावी जाताना बाहेर जाण्याच्या वहीत नोंद करणे पुष्कळांना कमीपणाचे वाटते. पण एखादा मुलगा दोन दिवस दिसला नाही तर त्याचा शोध कोठून सुरू करायचा हे त्या वहीवरूनच कळते.

खोलीतला शेजारी

वसतिगृहातील बहुतेक भांडणे मोठ्या कारणांनी होत नाहीत. दिवा किती वाजता मालवायचा, मोबाईलवरचे बोलणे किती मोठ्याने, झाडू कोणी मारायचा, विचारल्याशिवाय साबण वापरायचा की नाही, एवढ्यावरून ती होतात. महिनाभर मनात साठवलेला राग एके रात्री चार्जरच्या निमित्ताने बाहेर पडतो. उपाय साधा आहे, मात्र तो पहिल्याच आठवड्यात करावा लागतो. खोलीतील सर्वांनी एकदा बसून या गोष्टी उघड बोलून घ्याव्यात. पहाटे उठणारा कोण, रात्री जागणारा कोण, कोणाला उजेडात झोप लागत नाही, झाडण्याच्या पाळ्या कशा, हे ठरवून कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवावे. ओळख झाल्यावर हे बोलणे अवघड होते; अनोळखीपणात ते सोपे असते.

पाळीचा मुद्दा विशेष सांगण्याजोगा आहे, तो मुलांच्या बाबतीत. मुलींना घरी झाडलोट करावी लागलेली असते. पुष्कळ मुलांनी मात्र वसतिगृहात येईपर्यंत हातात झाडू धरलेला नसतो, आपले ताट उचललेले नसते, आपले कपडे धुतलेले नसतात. आपल्यासाठी हे सारे एवढी वर्षे कोण करीत होते, हा प्रश्न त्यांना तेथे प्रथम पडतो. तो पडला तर वसतिगृहाने काही शिकविले असे म्हणावे. तो न पडता एखाद्याने दर शनिवारी कपड्यांचे बोचके आईकडे धाडण्याची सोय लावली, तर त्याच्या पदवीत एक मोठी त्रुटी राहिली.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची. नव्या शेजाऱ्याला पहिल्याच भेटीत ‘आडनाव काय?’ असे खोदून विचारले जाते. आडनावावरून अंदाज लागला नाही तर गाव, मग तालुका, मग ‘सीईटीला किती होते?’, ‘कोणत्या यादीतून आलास?’ असे एकेक पाऊल टाकले जाते. हे सहज कुतूहल नव्हे. कोणाशी कसे वागायचे हे ठरविण्यासाठी केलेली ती चाचपणी असते, आणि ज्याला विचारले जाते त्याला ते बरोबर कळते. शेजाऱ्याने आपण होऊन जे सांगितले तेवढे पुरे मानावे. बोलीचीही गोष्ट तशीच. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारा मुलगा खोलीतल्या हसण्यामुळे हळूहळू बोलायचाच थांबतो, आणि जो खोलीत बोलायचा थांबला तो वर्गातही प्रश्न विचारीत नाही. एका हसण्याने एवढे नुकसान होते.

मेस आणि पंगत

घर सुटल्याचे दुःख सर्वांत आधी जिभेला कळते. पाणीदार आमटी, कच्च्या पोळ्या आणि रोजचा तोच बटाटा यांवर वसतिगृहांत पिढ्यान्‌पिढ्या विनोद झालेले आहेत. परंतु मेस हा केवळ चवीचा विषय नाही, तो हिशेबाचाही विषय आहे. महिन्याचे पैसे किती, ते आगाऊ की नंतर, खाडा किती दिवसांचा धरतात, तो धरला जावा यासाठी किती आधी सांगावे लागते, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते काय, याची चौकशी पैसे भरण्यापूर्वी करावी. गावी जाताना खाडा लिहायला विसरणे म्हणजे न जेवलेल्या जेवणाचे पैसे देणे. जेथे विद्यार्थ्यांची मेस समिती असते तेथे वर्षातून एक महिना तरी प्रत्येकाने तिचे काम पाहावे. डाळीचा भाव, गॅसची टाकी, स्वयंपाक करणाऱ्याचा पगार आणि ताटात टाकून दिलेले अन्न यांची बेरीज एकदा स्वतः केली म्हणजे तक्रारीही अधिक नेमक्या होतात आणि टाकणेही कमी होते.

काही शासकीय वसतिगृहांत अलीकडे जेवणाऐवजी पैसे देण्याची पद्धत आली. राज्याच्या आदिवासी विकास विभागाने २०१८ साली आपल्या वसतिगृहांतील भोजनाची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात थेट जमा करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. रक्कम वेळेवर आली नाही तर भूक थांबत नाही. आणि आली तरी घरी बहिणीचे आजारपण किंवा बी-बियाण्याचा खर्च निघाला की मुलगा पोटाला चिमटा काढून ते पैसे गावी पाठवितो. ज्यांना जेवणाची रक्कम रोख मिळते अशांनी मेसचे पैसे आल्याबरोबर भरून टाकावेत आणि मग उरलेल्याचा विचार करावा. उपाशी पोटी केलेल्या त्यागाने घराचे दारिद्र्य हटत नाही आणि शिक्षण मात्र बुडते.

पंगतीविषयीही बोलले पाहिजे. २०२३ साली मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये वसतिगृहाच्या भोजनगृहात ‘फक्त शाकाहारी’ अशा पाट्यांवरून वाद उठला. काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि जो मांसाहार करीत नाही त्याच्या ताटाची काळजी स्वयंपाकघराने घेतलीच पाहिजे. पण कोणाशेजारी बसून खावे याची पाटी लावणे ही निराळी गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात जी पंगत एक झाली ती टेबलाखुर्च्या आल्यावर पुन्हा दुभंगू नये, एवढी जाण नव्या विद्यार्थ्याला असावी.

पैसा, आणि ज्यांना जागा मिळाली नाही ते

पहिल्या महिन्यात हात सैल सुटतो. म्हणून घरून आणलेल्या रकमेचे तीन भाग करावेत: मेस व फी, नित्याचा खर्च आणि हात न लावायचा शेवटचा भाग, ज्यात गावी परतण्याचे भाडे आणि दवाखान्याचा एक खर्च निघेल. रोज रात्री दोन ओळींचा जमाखर्च लिहावा. मोबाईलवरून पैसे जातात तेव्हा ते गेल्याचे जाणवत नाही, यासाठी तर लिहिणे अधिकच आवश्यक. मोबाईलवर झटपट कर्ज देणाऱ्यांच्या वाटेला कदापि जाऊ नये. त्यातले काही जण फोनमधील सर्व क्रमांक उचलतात आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून बदनामीची धमकी देतात. पैशाची खरीच नड असेल तर प्राध्यापकांना सांगण्यात लाज नाही.

शासनाच्या योजना आहेत, पण त्या आपण होऊन दारी येत नाहीत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तसेच डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अशा वाटा आहेत. अर्जाची मुदत आणि लागणारे दाखले यांची चौकशी प्रवेशाच्या आठवड्यातच करावी. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थाही ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींच्या निवास-भोजनाची सोय अल्प खर्चात करीत आलेल्या आहेत.

एवढे असूनही जागा पुरत नाहीत. विद्यापीठांच्या वसतिगृहांत एका खाटेवर दोघे निजतात, आणि ज्याच्या नावावर खाट नाही त्याला ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द सर्वांच्या तोंडी इतका रुळला आहे की त्यातील क्रौर्य कोणाला टोचत नाही. आपल्यासारख्याच एका विद्यार्थ्याला, केवळ यादीत त्याचे नाव चार जागा खाली होते म्हणून, परजीवी म्हणायचे! व्यवहार म्हणून एवढे पाळावे की खोलीतील सर्वांच्या संमतीवाचून कोणाला ठेवून घेऊ नये, आणि नियम मोडल्यास होणारा परिणाम काय हे दोघांनीही आधी समजून घ्यावे. परंतु त्याला त्या नावाने हाक मारू नये. खाटा कमी आहेत हा दोष खाट न मिळालेल्याचा नव्हे. ज्यांना जागा मिळाली त्यांनी जागा वाढाव्यात यासाठी बोलले पाहिजे; आत शिरल्यावर दार लावून घेणे हे वसतिगृहाच्या परंपरेला शोभणारे नाही.

धाक आणि छळ

ओळख करून घेण्याच्या नावाखाली पहिल्या वर्षाच्या मुलांना रात्री बोलावून घेण्याची प्रथा अद्याप समूळ गेलेली नाही. त्यात गंमत असते, त्यातून मैत्री होते, आम्हीही सोसले, ही तिन्ही समर्थने ठरलेली आहेत. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात अमन काचरू हा वैद्यकीय महाविद्यालयाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वरिष्ठांच्या मारहाणीनंतर मरण पावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियम लागू केले. महाराष्ट्रात तर १९९९ पासूनच रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्याखाली दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढले जाते आणि पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखांनी चौकशी केली पाहिजे, असे बंधन आहे; ती टाळल्यास त्यांच्यावरही जबाबदारी येते. जात, धर्म, भाषा, प्रदेश किंवा आर्थिक स्थिती यांवरून केलेला छळ हाही रॅगिंगच होय, असे २०१६ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे.

२०१९ च्या मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातून आलेली आदिवासी डॉक्टर पायल तडवी हिने मुंबईत आपल्या वसतिगृहाच्या खोलीत आयुष्य संपविले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याची तक्रार तिच्या कुटुंबीयांनी केली. कायदा पुस्तकात असतो. छळ रात्री अकरा वाजता बंद दाराआड होतो. या दोहोंमधले अंतर भरून काढणारा एकच मनुष्य असतो, तो म्हणजे शेजारच्या खोलीतला. त्याला सर्व ऐकू येत असते. तो उठून दार ठोठावतो की कूस बदलून झोपतो, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी मदतीचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. पीडिताला धीर होत नसेल तर ज्याने पाहिले त्याने फोन करावा. तक्रार शक्यतो लेखी द्यावी, तारीख-वेळ लिहावी, प्रत ठेवावी.

मुलींच्या वसतिगृहांत धाकाचे आणखी एक रूप दिसते आणि ते सुरक्षिततेची वस्त्रे पांघरून येते. मुलांना रात्री उशिरापर्यंत ग्रंथालय खुले आणि मुलींना दिवेलागणीला फाटक बंद, ही विषमता अनेक ठिकाणी होती आणि आजही आहे. २०१९ साली केरळमधील कोझिकोड जिल्ह्यातील फहीमा शिरीन या विद्यार्थिनीला, संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल जमा करण्याचा नियम मान्य केला नाही म्हणून वसतिगृहातून काढण्यात आले. ती उच्च न्यायालयात गेली. इंटरनेटची सोय ही शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काशी निगडित आहे असे सांगून न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला. या उदाहरणाचे तात्पर्य नियम मोडावेत असे नाही. नियमाला कारण विचारता येते आणि ते विचारण्याच्या सनदशीर वाटा आहेत, असे आहे. मुलींनी अशा मागण्या एकेकटीने न करता एकत्र, लेखी आणि तपशिलासह कराव्यात. ग्रंथालयापासून फाटकापर्यंतच्या रस्त्यावर दिवे नसतील तर दिवे मागावेत. अंधार आहे म्हणून मुलींना कोंडणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

एकटेपण

घराची आठवण येणे हा दुबळेपणा नाही. पहिले काही आठवडे रात्री झोप न येणे, जेवण न जाणे, वर्गात काही न समजणे हे बहुतेकांना होते. फक्त कोणी बोलत नाही, त्यामुळे प्रत्येकाला वाटते की हे आपल्या एकट्यालाच होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीतील पहिले व्याख्यान म्हणजे बंद काचेतून पाहिलेले दृश्य वाटते. पहिल्या चाचणीत गुण कमी पडतात आणि बारावीपर्यंत गावात पहिला असलेला मुलगा एका दिवसात स्वतःला निकामी समजू लागतो. अशा वेळी वरच्या वर्षातील, आपल्याच वाटेने आलेल्या एखाद्याला गाठावे; त्याच्या जुन्या वह्या मागाव्यात; चौघांनी मिळून एक प्रकरण वाचावे. वर्गात जे कळत नाही ते मित्राच्या खाटेवर बसून कळते, हा वसतिगृहाचा मोठाच लाभ आहे आणि तो घरी राहणाऱ्यांना नाही.

ताप दोन दिवसांहून अधिक राहिला तर रेक्टरांना किंवा गृहपालांना कळवावे आणि दवाखान्यात जावे. वसतिगृहांत डेंग्यू आणि कावीळ खोलीखोलीतून फिरतात. पाण्याची टाकी केव्हा धुतली हे विचारण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. मनाच्या आजारालाही हेच लागू. सारे निरर्थक वाटू लागले, जगणे नकोसे झाले, तर ते एखाद्याला त्याच दिवशी सांगावे. कोणी जवळ नसेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. आणि शेजाऱ्याने खोलीबाहेर पडणे, जेवायला येणे थांबविले असे ध्यानात आले तर ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून सोडून देऊ नये. ताट वाढून त्याच्या खोलीत न्यावे. पुष्कळदा तेवढ्यानेच तो बोलू लागतो.

जे वसतिगृह चालवितात

शेवटी, ज्यांच्या श्रमावर वसतिगृह उभे असते त्यांच्याविषयी. पहाटे चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या मावशी, संडास धुणारा कामगार, रात्रभर फाटकावर बसणारे मामा. यांतील अनेक जण कंत्राटावर असतात आणि तीन वर्षे रोज समोर दिसूनही विद्यार्थ्याला त्यांचे नाव ठाऊक नसते. मामा-मावशी म्हणण्यात आपुलकी आहे, परंतु ती आपुलकी खरी की नुसती सोयीची, हे त्यांचा पगार दोन महिने थकला हे किती जणांना माहीत आहे यावरून ठरते. आपण घाण केलेली न्हाणी आपण स्वच्छ करून बाहेर पडणे हे शिष्टाचाराचे काम नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे काम ठराविक जातींच्या माथी मारले गेले आहे आणि ते खाली उतरवायला सुरुवात येथूनच होते.

वसतिगृहाचे दिवस तीनचार वर्षांत संपतात. त्यानंतर भेटणारी सोसायटी, कचेरी, कारखाना, ग्रामपंचायत या सर्व ठिकाणी हेच प्रश्न पुन्हा भेटतात: पाणी कोणाला आधी, झाडू कोणाच्या हाती, ताट कोणाशेजारी, तक्रार करायची की कूस बदलून झोपायचे. वसतिगृहात ज्याने त्यांची उत्तरे एकदा स्वतःच्या वागण्याने दिली, त्याला पुढे ती पुस्तकात शोधावी लागत नाहीत. पुढच्या जूनमध्ये याच जिन्यावर हातात पत्र्याची पेटी घेऊन एक नवा विद्यार्थी गोंधळून उभा असेल. पेटीचे एक टोक उचलून त्याला त्याची खोली दाखविणे, हे आज वसतिगृहात शिरणाऱ्या प्रत्येकाचे तोपर्यंतचे देणे आहे.